अध्यादेश, वटहुकूम, जीआर: अर्जात नेमकं काय लिहायचं?

गिरणाकाठ
रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातले ग्रुप बघा नाहीतर पारोळा-चाळीसगावकडचे, मंत्रालयातून कागद आला की 'अध्यादेश निघाला' म्हणूनच फिरतो. वादळाच्या नुकसानीची मदत, फळपीक विम्याचे ट्रिगर (भरपाई लागू होण्याचे हवामानाचे आकडे), शिक्षकांच्या बदल्या, सगळ्याला एकच शब्द. पेपरही तोच छापतात. यातले बहुतेक कागद शासन निर्णय म्हणजे जीआर असतात एवढं माहीत आहे. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अध्यादेशाचा नेमका अर्थ काय? आणि अर्जात, अपिलात चुकीचा शब्द पडला तर खरोखर काही अडतं का? 'समजलं म्हणजे झालं' हे उत्तर चहाच्या टपरीवर मिळतं, इथे जाणकारांकडून हवं आहे.

परंतुक
आधी अर्थ. संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल जो तात्पुरता कायदा करतात तो अध्यादेश. त्याचं बळ विधानमंडळाने केलेल्या अधिनियमाइतकंच असतं, फक्त आयुष्य बेतलेलं असतं. केंद्रात हेच काम अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती करतात. दोघेही ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात.

तो काढायला विधानसभा आणि विधानपरिषद दोन्हींचं सत्र एकाच वेळी चालू नसावं लागतं. एकाच सभागृहाचं चालू असेल तर अडत नाही, कारण एकट्या सभागृहाला कायदा करता येत नाही. सभागृह तहकूब झालं म्हणजे सत्र संपलं असं नाही. राज्यपालांनी सत्रसमाप्ती करावी लागते. अधिवेशन उरकल्यावर लगेच अध्यादेश आणायचा असतो तेव्हा आधी ही सत्रसमाप्ती होते, ती याचसाठी.

मुदतीचं गणित बहुतेक जण चुकवतात. 'अध्यादेश सहा महिने चालतो' हे स्पर्धा परीक्षेच्या गाईडांतही सापडेल, पण ते बरोबर नाही. मोजणी अध्यादेश निघाल्या दिवसापासून होत नाही. सभागृह पुन्हा भरतं त्या दिवसापासून सहा आठवडे मोजायचे. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरची तारीख धरायची. त्याआधी विधानसभेने नापसंतीचा ठराव केला आणि परिषदेने तो मान्य केला तर अध्यादेश तिथेच संपतो. राज्यपाल तो केव्हाही मागेही घेऊ शकतात. दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून टोकाचं आयुष्य सहा महिने अधिक सहा आठवडे. आपल्याकडे वर्षात तीन अधिवेशनं होतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा ताण क्वचितच येतो.

शासन निर्णय हे वेगळंच प्रकरण आहे. तो अनुच्छेद १६२ च्या कार्यकारी अधिकारातून निघतो. योजना कशी राबवायची, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून खर्च करायचा, कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचं, हे त्यात येतं. त्याला सहा आठवड्यांची मुदत नाही आणि तो सभागृहापुढे ठेवावा लागत नाही. पण त्याने अधिनियमातलं एक अक्षरही बदलत नाही.

केळीबाग
मग जीआरच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं का छापलेलं असतं? आमच्याकडे लोक तीच ओळ दाखवून म्हणतात, बघा, राज्यपालांचा आदेश आहे, म्हणजे अध्यादेश.

परंतुक
गल्लतीचं मूळ तिथेच आहे. अनुच्छेद १६६ सांगतो की राज्य शासनाची प्रत्येक कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या नावाने व्यक्त करायची. म्हणून ती ओळ. खाली सही उपसचिव, अवर सचिव किंवा कार्यासन अधिकाऱ्याची असते. तो कागद राज्यपालांनी पाहिलेला असेलच असंही नाही.

अध्यादेशात राज्यपाल शेवटी येत नाहीत, सुरुवातीलाच येतात. 'ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी, ज्यामुळे तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे, त्याअर्थी...' अशा घाटाची प्रस्तावना, तिच्यात अनुच्छेद २१३ चा उल्लेख, आणि मग 'पुढील अध्यादेश प्रख्यापित करीत आहेत'. ही प्रस्तावना नसेल तर त्या कागदाला अध्यादेश म्हणू नका, मोबाईलवर कोणी काहीही शीर्षक देऊन पाठवलेला असो.

जुनी_छपाई
'प्रख्यापित' हे क्रियापद लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. विधेयक मांडतात, ते संमत होतं आणि अनुमती मिळाल्यावर त्याचा अधिनियम होतो. अध्यादेश प्रख्यापित करतात. शासन निर्णय आणि परिपत्रक निर्गमित करतात. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करतात. बातमीत या सगळ्यांना 'काढला' हे एकच क्रियापद लावतात आणि तिथून नामही एकच होऊन जातं.

जुन्या पेपरांत याला वटहुकूम म्हणत, काही संपादक अजूनही तोच लिहितात. वटहुकूम म्हटलं की वाचणाऱ्याला कायदाच कळायचा, जीआरला वटहुकूम म्हटलेलं माझ्या तरी वाचनात नाही. अध्यादेशात मात्र 'आदेश' उघड दिसतो, त्यामुळे कुठलाही मोठा आदेश म्हणजे अध्यादेश असा समज व्हायला वेळ लागत नाही. त्यात हिंदी बातम्यांतून उत्तर प्रदेशचा 'शासनादेश' कानावर पडतो. तो खरा आपल्या जीआरचा भाऊ, पण ऐकायला अध्यादेशाच्या जवळचा.

भरीत_भाकर
आपलाकडे बठ्ठा लोके जीआरलेच अध्यादेश म्हनतस, भो. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात. पन्नास वर्षं माणसं असं बोलत असतील तर कोशात दुसरा अर्थ म्हणून घालून टाका. एवढा अट्टहास कशाला?

परंतुक
बोलण्यात काहीही म्हणा, दादा. हरकत लेखी कागदापुरती आहे, आणि ती भाषेच्या शुद्धतेची नाही. माहितीच्या अधिकारात 'अमुक तारखेच्या अध्यादेशाची प्रत द्यावी' असं लिहिलं तर जन माहिती अधिकारी 'असा अध्यादेश या कार्यालयात उपलब्ध नाही' असं उत्तर देऊन मोकळा होतो. ते उत्तर खरंही असतं. तुमचे तीस दिवस गेले, पुढे पहिलं अपील, आणि तिथे अपिलीय अधिकारीही तेच म्हणणार.

दुसरा घोटाळा अपिलात होतो. महसूल अपिलात 'अध्यादेशानुसार माझा हक्क' असं लिहून जीआर जोडला की समोरचा वकील पहिल्याच मुद्द्यात म्हणतो, हा कायदा नाही, कार्यकारी सूचना आहे. खरं तर तुमचा मुद्दा जीआरवरही टिकला असता, पण सुरुवातच चुकलेली असते.

वाघूर
यात एक भर घालतो. जीआर कायद्याखाली असतो हे बरोबर, पण म्हणून तो निरुपयोगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संत राम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सांगितलं की नियम गप्प असतील तिथे शासन सूचनांनी पोकळी भरू शकतं, पण सूचनांनी नियम बदलू शकत नाही. सेवाविषयक तक्रारींत हा फरक रोज लागतो. सेवाप्रवेश नियम अनुच्छेद ३०९ च्या परंतुकाखाली राज्यपालांच्या नावाने अधिसूचनेने होतात. नंतरच्या परिपत्रकात त्याहून वेगळी अर्हता लिहिली असेल तर नियम वरचढ. इथेही राज्यपालांचं नाव बघून लोक अधिसूचनेला अध्यादेश म्हणतात.

आणि उलटंही होतं. कागदावर 'शासन निर्णय' छापलेलं असतं, पण आत अधिनियमाचं कलम असतं. सहकारात हे हमखास दिसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खालचे निदेश शासन निर्णयाच्या रूपातच निघतात. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय तसाच आहे. म्हणून शीर्षकावर थांबू नका. 'या कलमाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' ही ओळ आहे का, आणि कोणतं कलम, हे बघा. कागदाची ताकद त्या ओळीत असते.

केळीबाग
म्हणजे फळपीक विम्याचा कागद अध्यादेश नाही, जीआर आहे, आणि त्यात कमी तापमान, जास्त तापमान, वाऱ्याचा वेग यांचे जे आकडे असतात ते पुढच्या जीआरने बदलू शकतात?

वाघूर
हो. म्हणूनच दावा करताना त्या हंगामाला लागू असलेलाच जीआर जोडायचा, मागच्या वर्षीचा नाही. त्यावर शुद्धिपत्रक निघालंय का तेही बघा. शुद्धिपत्रक एका ओळीचं असतं आणि नेमका आकडा त्यातच बदललेला असतो.
केळीबद्दलच एक खरा अध्यादेश सांगतो. फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला तो जुलै २०१६ मध्ये, अध्यादेशाने. कारण तिथे पणन अधिनियमालाच, म्हणजे बाजार समित्यांच्या कायद्यालाच, हात लावायचा होता. ते जीआरने करता आलं नसतं.

सातपुडी
नंदुरबारकडच्यांनी आणखी एक प्रकार ध्यानात ठेवावा, कारण तिथे गल्लत दुप्पट होते. अनुसूचित क्षेत्रात पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ खाली राज्यपालांना वेगळा अधिकार आहे. ५(१) खाली ते लोकअधिसूचनेने सांगू शकतात की अमुक अधिनियम या क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक फेरफारांसह लागू आहे. ५(२) खाली ते विनियम करू शकतात. विनियमाला आधी जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय लागतो आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीशिवाय तो अमलात येत नाही. ५(१) च्या अधिसूचनेला ती अनुमती लागत नाही.

हे दोन्ही अध्यादेश नव्हेत. सहा आठवड्यांची मुदत नाही, सत्र चालू असो वा नसो, फरक पडत नाही. उदाहरण हवं तर मे २०२० ची वनहक्कांबाबतची अधिसूचना घ्या. जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपिलाची सोय तिने केली, म्हणजे वनहक्क अधिनियमात अनुसूचित क्षेत्रापुरता फेरफार केला. धडगाव-अक्कलकुव्याचा अर्ज नाशिकच्या विभागीय आयुक्तांपुढे जातो तो या अधिसूचनेमुळे. अपिलात 'अध्यादेश २०२०' लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं. तिथे 'पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५(१) खालील अधिसूचना' असं लिहा.

जाता जाता: कोणतं गाव अनुसूचित क्षेत्रात येतं ते १९८५ च्या राष्ट्रपती आदेशात बघायचं. त्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी (म्हणजे धडगाव) हे तालुके धुळे जिल्ह्यात दिसतील, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे 'आमचा जिल्हा यादीतच नाही' असं म्हणून कोणी परत पाठवलं तर घाबरू नका. नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर आणि आपल्या जळगावकडे चोपडा, यावल, रावेर यांतली फक्त ठरावीक गावं आहेत, तेव्हा तालुक्याचं नाव पाहून थांबू नका, गावाचं नाव शोधा.

गिरणाकाठ
सातपुडी, हे माहीत नव्हतं. आता जानेवारी २०२४ चा तो 'सगेसोयरे' कागद काय होता? तेव्हा एकाच दिवशी अध्यादेश, जीआर, अधिसूचना तिन्ही शब्द छापून आले. राजकारण नको, फक्त कागद.

परंतुक
फक्त कागदच. २६ जानेवारी २०२४ ची ती मसुदा अधिसूचना होती. जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत सुधारणा करण्याचा मसुदा, आणि त्यावर १६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. अधिनियमाने शासनाला नियम करण्याचा अधिकार दिलेला असतो आणि बऱ्याचदा पूर्वप्रसिद्धीची अट घातलेली असते. म्हणून आधी मसुदा, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना. मसुद्याने कोणाला काही मिळत नाही आणि कोणाचं काही जातही नाही. अध्यादेशावर असं हरकती मागवणं नसतं, तो प्रख्यापित झाला की कायदा. 'हरकती' हा शब्द दिसला की तो अध्यादेश नाही, एवढी सोपी खूण आहे.

तुलनेसाठी २०१४. ९ जुलै २०१४ चे मराठा आणि मुस्लिम आरक्षणाचे दोन कागद खरे अध्यादेश होते, त्या वर्षीचे क्रमांक १३ आणि १४. नवी विधानसभा १० नोव्हेंबरला भरली, तिथून सहा आठवडे मोजा. पहिल्याच्या जागी अधिनियम झाला. दुसऱ्याच्या जागी झाला नाही, म्हणून तो डिसेंबरात आपोआप संपला. त्यावर आधारलेला जुलै २०१४ चा शासन निर्णय मात्र आपोआप गेला नाही. तो रद्द करायला मार्च २०१५ मध्ये वेगळा शासन निर्णय काढावा लागला. दोन्ही शब्दांतला फरक एवढा उघडा क्वचित दिसतो.

भरीत_भाकर
बरं, मानलं. पण मग सरकार दर सहा आठवड्यांनी तोच अध्यादेश पुन्हा का काढत नाही?

जुनी_छपाई
बिहारने काढले होते. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, त्यातले काही पुन्हापुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. हे शोधून न्यायालयात नेलं ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हा प्रकार संविधानाशी कपट आहे असं ठरवलं. २ जानेवारी २०१७ ला कृष्ण कुमार सिंह प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो संपल्यावर त्यातून मिळालेले हक्क आपसूक टिकत नाहीत.

आणि राज्यपाल सही करतातच असंही नाही. सरपंचाची थेट निवड रद्द करण्याचा अध्यादेश फेब्रुवारी २०२० मध्ये राज्यपालांकडून आला नाही, अधिवेशन तोंडावर होतं. मग त्याच महिन्यात विधेयक आणून ते काम झालं. त्या काळातल्या बातम्यांत 'मंत्रिमंडळाचा अध्यादेश' असा प्रयोग होता. मंत्रिमंडळ अध्यादेशाच्या मसुद्याला मान्यता देतं, अध्यादेश काढत नाही.

पांझरा_तीर
विद्यापीठातल्या ऑर्डिनन्सचं काय? जळगावच्या विद्यापीठातही मुलं 'अध्यादेशानुसार ग्रेस गुण' म्हणतात. तेही चूक का?

वाघूर
ते चूक नाही, तो वेगळा अर्थ आहे. सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली विद्यापीठ स्वतःचे परिनियम, ऑर्डिनन्स आणि विनियम करतं. त्या ऑर्डिनन्सलाही मराठीत अध्यादेश लिहितात. त्याला २१३ लागू नाही, सहा आठवडे लागू नाहीत. अर्जात फक्त 'विद्यापीठ अध्यादेश क्रमांक अमुक' असं लिहा, नुसतं 'अध्यादेश' नको.

गिरणाकाठ
आता शेवटचं आणि कामाचं. कागद हातात आला की तपासायचा कसा, आणि अर्जात उल्लेख कसा करायचा?

परंतुक
शासन निर्णय असेल तर वर डावीकडे-उजवीकडे काय आहे ते न बघता क्रमांक बघा. 'संकीर्ण-वर्ष/प्र.क्र./कार्यासन' अशी रचना असते. प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक, त्यापुढचं अक्षर म्हणजे मंत्रालयातलं कोणतं कार्यासन. नंतर 'वाचा' किंवा 'संदर्भ' मध्ये आधीचे निर्णय. शेवटी संकेतस्थळाचा १८ अंकी संकेतांक, ज्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असतात. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाका. कागद निघाला नाही तर मोबाईलवर आलेली प्रत खोटी किंवा अपुरी असण्याची शक्यता धरा. निघाला तर नंतरच्या एखाद्या निर्णयाने तो 'अधिक्रमित' झालाय का हेही पाहा. तालुक्याच्या कार्यालयात बरेच अर्ज या शेवटच्या कारणाने पडतात: निर्णय खरा असतो, पण मेलेला.

अध्यादेश मात्र तिथे शोधून उपयोग नाही. तो राजपत्रात, असाधारण अंकात येतो. मराठी पाठ भाग चारमध्ये, इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. क्रमांक 'सन अमुकचा महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक अमुक' असा.

माहिती अधिकारात कागदाचा प्रकार नक्की ठाऊक नसेल तर ओळ अशी टाका: 'अमुक विषयावर अमुक विभागाने अमुक ते अमुक कालावधीत निर्गमित केलेले शासन निर्णय, परिपत्रके, आदेश, अधिसूचना व शुद्धिपत्रके यांच्या प्रती'. मग शब्दावर बोट ठेवून कोणी परत पाठवू शकत नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. कार्यालय चुकीचं निघालं तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवणं त्यांच्यावर आहे.

सातपुडी
यात अध्यादेशाचा अधिनियम झाल्यावर काय लिहायचं ते राहिलं. लोकसेवा हक्काचं घ्या. अध्यादेश २८ एप्रिल २०१५ ला आला, अधिनियम ऑगस्टमध्ये झाला, पण तो २८ एप्रिलपासूनच अमलात आल्याचं धरलं जातं. सेवा केंद्रांतल्या काही जुन्या फलकांवर 'लोकसेवा हक्क अध्यादेश' अजून लिहिलेलं असतं. तिथला शब्द अर्जात उतरवू नका.

परंतुक
बरोबर. अशा अधिनियमाच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असं एक कलम असतं. निरसन म्हणजे अध्यादेश रद्द झाला, व्यावृत्ती म्हणजे त्या काळात त्याखाली झालेल्या गोष्टी नव्या अधिनियमाखाली झाल्या असं समजायचं. म्हणून आजच्या अर्जात फक्त 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, कलम अमुक' एवढंच. मे २०१५ मधल्या एखाद्या नकाराबद्दल भांडायचं असेल तरी अधिनियमाचंच कलम लिहा आणि कंसात व्यावृत्तीचं कलम टाका.

केळीबाग
धागा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. वर 'अध्यादेशाबद्दल जीआर आलाय' असं कोणी लिहिणार नाही एवढं बघतो.